मागच्या जन्माचं बोलायचं नाही

मेणबत्ती विझवायला सांगायचं काम शेवटी वनजाबाईंच्याच गळ्यात पडलं.

“तुम्ही सांगा,” शेषगिरी सर जिन्यात उभे राहून कुजबुजले. “माझं मराठी ऐकून त्यांना वाटेल, मी चेष्टा करतोय.”

“आणि माझं ऐकून काय वाटंल? माझं तर अर्धं कन्नडच.”

“तुम्ही स्वल्प सांभाळून सांगाल. मी सांगितलं की भांडण होतं.”

हे मात्र खरं होतं. वनजाबाईंनी एक मोठा सुस्कारा टाकला. चौतीस वर्षं त्यांनी बस स्टँडवरच्या पासच्या खिडकीत बसून काढली होती. फोटो चिकटवून आणा, सही इथं नव्हे, तिथं, शाळेचा शिक्का कुठाय, हे चालत नाही, ते चालत नाही. रिटायर झाल्यावर निदान लोकांना ‘चालत नाही’ म्हणायचं तरी संपेल असं त्यांना वाटलं होतं. दोन वर्षं झाली, आणि आज या कानडी शहरातल्या बोगादीत, दुसऱ्याच्या घराच्या माडीवर, त्या पुन्हा तेच सांगायला निघाल्या होत्या.

माडीवरची खोली सरांची. सर फिजिक्सचे प्राध्यापक होते. दर रविवारी सकाळी आठ वाजता तिथं सात-आठ माणसं जमायची, अर्धा तास गप्प बसायची आणि मग तासभर बोलायची. दारावर सरांनी स्वतः टाइप केलेला कागद होता, कन्नड आणि इंग्रजीत. इथं पूजा नाही. गुरू नाही. देणगी नाही. बुद्ध हा वैद्य होता, देव नव्हता. त्याखाली बॉलपेननं नंतर जोडलेलं: मोबाइल बंद.

एवढा कडक कागद लावूनही नेमकी सव्वाआठला खालून सरांच्या बायकोची, कमलाक्षीबाईंची, पूजेची घंटा सुरू व्हायची. ती चांगली पाच मिनिटं चालायची. सर डोळे मिटून बसलेले असायचे, पण त्यांच्या कपाळावरची शीर फुगलेली सगळ्यांना दिसायची. चाळीस वर्षं ज्या घरात सोवळ्यानं जीव नकोसा केला, त्याच घराच्या माडीवर माणूस एक खोली तरी मोकळी ठेवू पाहतो, आणि तिथंही घंटा चढून येते. त्यामुळे मेणबत्ती दिसली की सरांचं डोकं फिरायचं, हे वनजाबाईंना कळत होतं. कळत होतं म्हणून आवडत होतं असं नाही.

आत खिडकीखाली एक म्हातारी बाई बसली होती. पांढरं लुगडं, पाठीचा कणा ताठ. समोर वर्तमानपत्राच्या कागदावर मोगऱ्याची फुलं आणि एक जळती मेणबत्ती. बाकीचे लोक आपापल्या चटईवर अवघडून बसले होते. एका फिजिओथेरपिस्ट पोरीनं तर मेणबत्तीकडे बघायचं नाही म्हणून छताकडे मान केली होती.

“नमस्कार,” वनजाबाई तिच्याजवळ टेकल्या. गुडघा कटकन वाजला. “इथं हे… मेणबत्ती वगैरे नाही लावत.”

“काहून?”

“नियम आहे. पूजा नाही करायची इथं.”

“पूजा कुठं करून राह्यले मी?” बाईनं शांतपणे विचारलं. “वंदना म्हणते, मंग बसते. दारावरल्या तुमच्या कागदावर बुद्धाचं नाव हाय. सूनबाईनं वाचून सांगितलं.”

“हौदु, खरं आहे, पण इथं सुम्ने, गप्प बसायचं. कुणाचं नाव घ्यायचं नाही. नुसता श्वास बघायचा.”

बाईनं त्यांच्याकडे क्षणभर पाहिलं. मग दोन बोटांनी वात चिमटून मेणबत्ती विझवली, फुलं कागदात गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

“श्वास मोजायचंच काम केलं मी बत्तीस वर्षं,” ती म्हणाली. “नर्स होते.”

त्या दिवशी ती सगळ्यांत स्थिर बसली. चर्चा कन्नडमध्ये झाली, तिला एक अक्षर कळलं नसणार. निघताना तिनं सरांना हात जोडले. नाव पंचफुलाबाई, गाव वाशीमकडचं, मुलगा इथं कंपनीत इंजिनिअर, एवढं कळलं. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

“बघा, समजावून सांगितलं की लोक समजतात,” सर म्हणाले.

वनजाबाई चटया गुंडाळायला लागल्या.

त्या इथं का येतात, हे खोलीतल्या कुणालाच नीटसं माहीत नव्हतं. त्यांना एक मुलगी होती, तुंगा. जन्मापासून तिचे हातपाय ताठ. बोलणं नाही, चालणं नाही, मान धरायला सहा वर्षं लागली. एकवीस वर्षं जगली. त्या एकवीस वर्षांत वनजाबाईंनी तिला भरवलं, न्हाऊ घातलं, ड्युटीवर जाताना सासूच्या ताब्यात दिलं, ड्युटीवरून येऊन पुन्हा घेतलं. त्याचा त्यांना कधी वैताग आला नाही. वैताग आला तो लोकांचा. बसमध्ये, दवाखान्यात, लग्नात, देवळाच्या पायरीवर, जो तो पोरीकडे बघायचा, जीभ टाळ्याला लावून चुकचुकायचा आणि म्हणायचा, मागच्या जन्मीचं काहीतरी असणार. कुणी तुंगाचं म्हणायचं, कुणी वनजाबाईंचं. एका शेजारणीनं तर दोघींचं वाटून दिलं होतं. तुंगा गेली, दोन वर्षांनी नवरा सयाजीराव गेला, आणि तेव्हाही तेच ऐकू आलं.

विजयनगरच्या लायब्ररीत त्यांनी सरांचा कागद पाहिला होता. पहिल्या रविवारी त्यांनी एकच प्रश्न विचारला, “मागच्या जन्मीच्या पापाबद्दल तुमचं काय म्हणणं?” सर चष्मा पुसत म्हणाले, “मागच्या जन्माचं इथं कुणालाच ठाऊक नाही. ज्याला ठाऊक आहे असं वाटतं त्यानं दुसरीकडे जावं. इथं तो विषय बोलायचा नाही.” वनजाबाई त्या दिवशी घरी गेल्या, चहा केला आणि तो थंड होईपर्यंत ओट्याशी उभ्या राहिल्या. तेव्हापासून एक रविवार चुकवला नव्हता. सर हट्टी होते, गुडघे दुखत होते, दोन कॉम्प्युटरवाले श्वासापेक्षा श्वासाच्या पुस्तकांवरच जास्त बोलत होते. पण त्या खोलीत तुंगा कुणाची शिक्षा नव्हती. एवढं एक ठिकाण पुरेसं होतं.

फेब्रुवारीत फत्तेसिंगचा फोन आला. फत्तेसिंग म्हणजे त्यांचा धाकटा दीर. रेक्झिनचं, सीटकव्हरचं दुकान, आणि जगातल्या प्रत्येक शांतीचा ठेका.

“वहिनी, पंचवीस तारखेला दहा वर्षं होतात पोरीला जाऊन.”

“मला ठाऊक आहे.”

“श्रीरंगपट्टणला एक भटजी भेटलेत. मोठे आहेत. ते म्हणले, जीव अडकलाय. एक विधी केला की पुढल्या जन्मी धडधाकट शरीर मिळंल.”

“भाऊजी, साकु. पुरे.”

“अहो, ऐकून तर घ्या—”

“दर वर्षी एक नवा भटजी. कधी नाग, कधी शनी, कधी कुणाचा शाप. तुम्हाला दुसरं काम नाही?”

“रविवार आहे,” फत्तेसिंग तेवढंच म्हणाला. “मी गाडी सांगितलीय.”

“मी येणार नाही,” म्हणून त्यांनी फोन ठेवला. मग त्यांच्या लक्षात आलं की दिवस खरंच रविवारी येतोय. आणि मनात आलं, त्या दिवशी खोलीत तुंगाबद्दल चार शब्द बोलावेत. विधी नको, फोटोला हार नको. नुसतं सांगावं, अशी एक मुलगी होती.

सरांना त्यांनी जिन्यातच गाठलं. सरांनी ऐकून घेतलं आणि अवघडून हनुवटी खाजवली.

“वनजाबाई, मला वाईट वाटतं. पण आज तुमच्या मुलीचं, उद्या कुणाच्या वडिलांचं. मग वर्षश्राद्ध सुरू होतील. मग मी त्या बाईंना मेणबत्ती का विझवायला लावली?”

“तुम्ही कुठं लावली? मी लावली.”

“तेच की. नियम सगळ्यांना सारखा.”

त्या रस्त्यावर आल्या तेव्हा त्यांचे कान गरम झाले होते. चौतीस वर्षं खिडकीच्या आतून जे वाक्य त्या लोकांच्या तोंडावर मारत होत्या, ते आज खिडकीच्या बाहेर उभं राहून ऐकावं लागलं होतं. मग त्यांना पंचफुलाबाईंची ती दोन बोटं आठवली आणि राग आणखी वाढला, कारण आता त्यात स्वतःचाही वाटा होता.

पंचफुलाबाईंचा फ्लॅट शोधायला वेळ लागला नाही. बोगादीत नव्या इमारती पाच, त्यांत गॅलरीत पंचरंगी झेंडा एकाच घरावर. दार त्यांनीच उघडलं.

“तुमी? या.” चेहऱ्यावर ना राग, ना आश्चर्य. “चहा मांडते.”

“मी सांगायला आले की… त्या दिवशी मी जे सांगितलं—”

“तुमी नियम सांगितला. बसा.”

घरात दुसरं कुणी नव्हतं. भिंतीवर बुद्धाचा आणि बाबासाहेबांचा फोटो. खाली एक मेणबत्ती जळत होती. वनजाबाई तिच्याकडे बघतायत हे पंचफुलाबाईंनी पाहिलं.

“देव म्हणून नाही लावत,” त्या म्हणाल्या. “छप्पन्न साली नागपूरले गेलो तवा मी चार वर्षांची. बापाच्या खांद्यावर. मले काही आठवत नाही, नुसते पांढरे कपडे आठवतात. परत आल्यावर बापानं घरातले देव टोपलीत भरले अन् नदीत सोडले. आजी रडली. तवापासून बाप रोज एक मेणबत्ती लावे, म्हणून मीही लावते. देव-बीव नाही, मागचा जन्म-बिन्म नाही. आमचं सगळं इथलंच.”

“मागचा जन्म नाही मानत तुम्ही?”

“त्याच्याच नावावर तं आमाले गावाबाहेर ठेवलं होतं ना बाई. कसा मानू?”

वनजाबाईंना एकदम हसू फुटलं. कित्येक दिवसांनी आलेलं, कडवट. “मग आमचे सर भांडतात कशाला? ते पण हेच म्हणतात की.”

“त्याईले विचारा,” पंचफुलाबाई म्हणाल्या आणि कप पुढे केला.

मग वनजाबाईंनी तुंगाचं सांगितलं. सांगायचं ठरवलं नव्हतं. हातपाय, मान, एकवीस वर्षं. सवयीनं त्या शेवटच्या वाक्यासाठी तयार होऊन बसल्या, आता ही बाई जीभ टाळ्याला लावणार. पंचफुलाबाईंनी कप खाली ठेवला.

“जन्मली तवा रडली होती का?”

“काय?”

“पोरगी. बाहेर आल्या-आल्या रडली का?”

एकतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. डॉक्टरांनीही नाही. सरकारी दवाखान्यातली ती खाट, खिडकीतून येणारा बँडचा आवाज, पायाशी धावपळ करणाऱ्या दोन नर्स, आणि ज्याची त्या वाट बघत होत्या तो आवाज न येणं. हे सगळं त्यांच्या आत कुठंतरी होतंच, फक्त कुणी दार वाजवलं नव्हतं.

“नाही,” त्या म्हणाल्या. “लगेच नाही रडली. उलटं धरलं, पाठीवर मारलं. खूप वेळानं आवाज आला. बारीक.”

“किती दुखत होतं आधी? किती वेळ?”

“सकाळपासून. दवाखान्यात पोचायला उशीर झाला. दसऱ्याचा दिवस होता, मिरवणुकीनं रस्ते बंद होते. दीर जटका, म्हणजे टांगा, आणायला गेला होता, तो मिळेना.”

पंचफुलाबाईंनी मान हलवली. “आमच्या उपकेंद्रात असं दोनदा झालं. श्वास अडकतो. डोक्याले हवा पोचत नाही. मंग हातपाय असे होतात.” त्यांनी आपली मनगटं आत वळवून दाखवली, आणि ती अगदी तुंगाची मनगटं होती. “तेवढंच असते बाई. दुसरं काही नसते.”

वनजाबाई त्या मनगटांकडे बघत राहिल्या. रडू आलं नाही. आला तो राग. इतकं साधं होतं तर हे सांगायला एकतीस वर्षांत एक माणूस मिळू नये?

निघताना त्या म्हणाल्या, “रविवारी या. तुमची मेणबत्ती घेऊन या. सरांना मी बघते.”

सरांना त्यांनी जे सांगितलं ते फार मोठं नव्हतं. “सर, खाली तुमच्या घरात रोज पाच मिनिटं घंटा वाजते, ती आम्ही दोन वर्षं सहन करतोय. या बाईंची दोन मिनिटं आणि माझी दहा तुम्ही सहन करा. नाहीतर मी कमलाक्षीबाईंना विचारते, त्या खाली बसू देतील का.” सर लाल झाले. मग म्हणाले, “बाराच मिनिटं.”

पंचवीस तारखेला पंचफुलाबाईंनी मेणबत्ती लावली आणि बारीक, किनऱ्या आवाजात वंदना म्हटली. दोघा-तिघांनी हात जोडले, बाकीच्यांनी नाही. वनजाबाईंनी हात मांडीवर ठेवले होते. सर भिंतीला टेकून पायाच्या अंगठ्याकडे बघत होते, पण बाहेर गेले नाहीत. तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली आणि दारात फत्तेसिंग उभा राहिला. घामेजलेला, कपाळावर गंध, हातात गाडीची किल्ली.

“वहिनी, मी घरी जाऊन आलो. शेजारच्यांनी इथला पत्ता दिला. भटजी थांबलेत तिकडं.”

“बसा भाऊजी.”

“अहो, मुहूर्त—”

“दहा मिनिटं बसा. तुंगाचंच चाललंय.”

हे ऐकून तो गडबडला. कोपऱ्यात एक प्लॅस्टिकची खुर्ची होती, तिच्यावर अंग चोरून बसला.

वनजाबाई बोलायला लागल्या. कन्नडमध्ये सुरुवात केली, मग जिथं अडलं तिथं मराठीत गेल्या. बस कॉर्पोरेशनचे रद्द झालेले पासचे फॉर्म त्या घरी आणायच्या आणि तुंगासमोर बसून एकेक पट्टी फाडायच्या. कागद फाटायचा आवाज तिला इतका आवडायचा की हसताना तिचं सगळं अंग हलायचं. एवढ्या मोठ्यानं हसायची की समोरच्या घरातले लोक खिडकी उघडून बघायचे.

“रेक्झिन,” कोपऱ्यातून फत्तेसिंग म्हणाला.

सगळे वळले.

“कागदापेक्षा रेक्झिन तिला जास्त आवडायचं. मी दुकानातले तुकडे आणायचो. चर्र करून फाडलं की… तुम्ही ड्युटीवर असायचा वहिनी. तुम्हाला ठाऊक नाही.”

खरंच ठाऊक नव्हतं. वनजाबाईंना क्षणभर हेवा वाटला, मग बरं वाटलं. तुंगाचं आणखी एक हसू दहा वर्षांनी सापडलं होतं. त्याच भरात त्या पुढे बोलून गेल्या.

“ती अशी का झाली, ते मला लोक जन्मभर सांगत आले. आता मला कळलंय. जन्मताना तिचा श्वास अडकला. आम्हाला दवाखान्यात पोचायला उशीर झाला होता. एवढंच. उशीर झाला, त्याचं ते. मागचा जन्म नाही, पाप नाही, काही नाही.”

त्यांना वाटलं, आता छातीवरचं ओझं उतरलं. पण फत्तेसिंगच्या तोंडाकडे लक्ष गेलं आणि त्या थांबल्या. तो पांढराफटक पडला होता. किल्ली हातातून मांडीवर पडली होती, ते त्याला कळलंही नव्हतं.

“रस्ते बंद नव्हते, वहिनी,” तो म्हणाला.

“काय?”

“मी गेलो तेव्हा बंद नव्हते. जटका अग्रहाराच्या कोपऱ्यावरच मिळाला होता. जटकेवाल्याला म्हणालो, स्वल्प थांब, अंबारी येतीय, बघून जाऊ. दादानं सांगितलं होतं लगेच ये. मला वाटलं, बायकांना वेळ लागतोच. हत्ती पुढं गेला आणि मग गर्दीनं रस्ता बंद झाला. तासभर तिथंच अडकलो.” त्याचा आवाज अगदी सपाट होता. “तेवीस वर्षांचा होतो.”

खाली घंटा सुरू झाली, आणि आज पहिल्यांदाच सरांनी कपाळाला आठी घातली नाही.

“दादाला सांगितलं नाही. आईला नाही. भटजी म्हणायचे, मागच्या जन्मीचं आहे, की मला बरं वाटायचं. दोन महिने झोप यायची. मग पुन्हा दुसऱ्या भटजीकडे.” त्यानं पंचफुलाबाईंकडे पाहिलं. पांढऱ्या लुगड्यातली ही कोण, हे त्याला माहीत नव्हतं, पण मघाशी वनजाबाईंनी सगळ्यांना ‘या नर्स होत्या’ म्हणून सांगितलेलं त्यानं ऐकलं होतं. “बाई, मी वेळेवर आलो असतो तर पोरगी चांगली झाली असती?”

पंचफुलाबाई त्याच्याकडे वळून बसल्या.

“मी तिथं नव्हते,” त्या म्हणाल्या. “मले नाही सांगता येणार.”

वनजाबाईंच्या अंगातून एक झळ वर चढली. एकतीस वर्षं ज्याच्यावर बोट ठेवायला कुणी सापडलं नव्हतं, तो माणूस चार हातांवर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसला होता. तुंगाची सहा वर्षं लटकलेली मान. वळलेली मनगटं. हत्ती. हत्ती बघत उभा राहिला हा. त्यांनी दोन वर्षं इथं शिकलेलं आठवून पाहिलं, श्वास येतो, श्वास जातो. काही उपयोग झाला नाही. श्वास येत होता, जात होता, आणि त्यांना उठून त्याच्या थोबाडीत मारावंसं वाटतच होतं.

फत्तेसिंग खाली वाकून किल्ली शोधत होता. ती मांडीवर होती, तो जमिनीवर चाचपडत होता. मानेवरचे केस पांढरे झालेले. सकाळी घाईघाईत शर्टाचं बटण चुकीच्या काजात घातलेलं. याच माणसानं दुकानातून तुकडे आणले होते. वर्षानुवर्षं, त्या ड्युटीवर असताना, कुणी सांगितलं नसताना.

“एकतीस वर्षं हे पोटात ठेवलंत?” त्या म्हणाल्या. स्वतःचाच आवाज त्यांना परका वाटला. “मला तोंडावर सांगायचं होतंत, भाऊजी. मी भांडले असते. आयतु, संपलं असतं.”

त्याला किल्ली मांडीवर सापडली, ती त्यानं मुठीत घेतली.

“गाडी कुठं लावलीय?”

“खाली.” त्यानं वर पाहिलं. “नको वहिनी. तुम्हाला पटत नाही. राहू दे आता. भटजीला नको म्हणून कळवतो.”

“तुम्हाला करायचंय ना?”

“मला नाही राहवत,” फत्तेसिंग म्हणाला. “खोटं आहे म्हणून तुम्ही सांगितलंत तरी नाही राहवत.”

“मग चला. मी विधीला बसणार नाही. पायरीवर बसेन.”

पंचफुलाबाई जिन्यापर्यंत आल्या. “मी त्या कामाले नाही येणार,” त्यांनी स्पष्ट सांगितलं. “बापानं सोडलं ते मी नाही करत. पण परत आलात की माझ्याकडं या, दोघंबी. भाकऱ्या टाकून ठेवते.” सर मात्र खाली आले आणि कुणी बोलावलं नसताना गाडीत पुढच्या सीटवर बसले. “मला तिकडे काम आहे,” म्हणाले. काय काम, ते त्यांना कुणी विचारलं नाही. वाटेत एका ठिकाणी सरांनी ड्रायव्हरला रस्ता चुकलास म्हणून सांगितलं, तो चुकला नव्हता, त्यावरून थोडी बाचाबाची झाली आणि सगळ्यांनाच जरा बरं वाटलं.

श्रीरंगपट्टणला नदीवर गर्दी होती. भटजी वाट बघून वैतागले होते. त्यांनी फत्तेसिंगला शर्ट काढायला लावला, पंचा दिला, पाण्याजवळच्या दगडावर बसवलं आणि तिथूनच वर बघून कन्नडमध्ये म्हणाले, “आईनं पण बसलं पाहिजे. मागच्या जन्मीचं ऋण आहे.”

सरांनी तोंड उघडलं. वनजाबाईंनी त्यांच्या बाहीला हात लावला, आणि त्यांनी ते मिटलं.

“मी इथं बरी आहे,” त्या भटजींना म्हणाल्या.

पायरी उन्हानं तापली होती. सर दोन पायऱ्या वर जाऊन बसले आणि सवयीनं त्यांनी पाठ ताठ केली. खाली फत्तेसिंग भटजींच्या मागून एकेक शब्द म्हणत होता, चुकत होता, पुन्हा म्हणत होता. उघड्या पाठीवर जानव्याचा दोरा घामानं चिकटला होता. वनजाबाईंनी त्याला क्षमा केली होती का, हे त्यांनी स्वतःला विचारून पाहिलं. उत्तर आलं नाही. येईल तेव्हा येईल. रागही गेला नव्हता, तो त्यांच्या शेजारीच बसला होता, पण आता त्याला कुठं पाठवायचं नव्हतं.

भटजींनी तुंगाचं नाव विचारलं. फत्तेसिंगनं ते इतक्या मोठ्यानं सांगितलं की बाजूच्या दोन घाटांवरचे लोक वळले.

पलीकडून एक होडी गेली आणि तिच्या लाटा पायऱ्या चढून आल्या. फत्तेसिंगच्या चपला खालच्या पायरीवर होत्या, त्यांतली एक तरंगायला लागली. वनजाबाई उठल्या, गुडघ्यावर हात रेटत दोन पायऱ्या उतरल्या आणि दोन्ही चपला उचलून, पाणी निथळवून, आपल्या चपलांशेजारी कोरड्या दगडावर आणून ठेवल्या.